चार नंबरचा बॉल

शाळेच्या मागच्या पटांगणात दोन लाकडी खांब होते आणि त्यांच्यामध्ये बांधलेली जाळी दर वर्षी थोडी थोडी फाटत जायची. ती खांबांवरून सोडून मी घरी आणायची आणि माझी आत्या फाटलेले चौकोन काळ्या लोकरीच्या सुतानं विणून द्यायची. काही वर्षांनी त्या जाळीत पांढरे चौकोन कमी आणि काळे जास्त झाले. बाहेरगावच्या टीम खेळायला आल्या की जाळीकडं बघून हसायच्या. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. आमच्या घरात तर सगळीकडं लोकरच होती.

आमचं गाव भोकरदन तालुक्यातलं, हसनाबादपासून पायी जाण्याएवढ्या अंतरावर. आजोबांच्या काळापर्यंत आमच्या घरची माणसं मेंढरं घेऊन आठ-आठ महिने फिरायची. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मी पाळण्यात असतानाच मेंढरं काढून टाकली आणि चार एकरांत कपाशी न मका करायला लागले, तरी घरातला लोकरीचा वास गेला नव्हता. आत्या सासरहून कायमची परत आली ती एकटी, स्वतःच्या पायांनी. का आली ते तिनं सांगितलं नाही आणि आबांनी विचारलं नाही. ती ओट्यावर बसून दिवसभर चातीवर, म्हणजे लोकर कातायच्या टकळीवर, सूत काढायची. चातीची बारीक घरघर, खालच्या आळीतल्या पिठाच्या गिरणीचा पुक-पुक आवाज आणि घराच्या मागच्या भिंतीवर माझ्या बॉलची थाप, हे तीन आवाज अजून माझ्या कानात आहेत. त्या भिंतीवर मी कोळशानं भाकरीएवढा गोल काढला होता. बोटांच्या टोकांनी बॉल उचलायचा आणि तो बरोबर त्या गोलात लागला पाहिजे, असा माझा नेम. माय म्हणायची, भिंतीचा पोपडा पडून राह्यला, बंद कर. आत्या म्हणायची, पडू दे, पोपडा पुन्हा लिंपता येतो. हातातलं सूत ठेवून ती मधूनच माझ्याकडं बॉल फेकायची, तोही मुद्दाम वाकडा, कधी पायाशी तर कधी डोक्याच्या मागं. तिला खेळातलं काही कळत नव्हतं. पण सरळ आलेला बॉल कुणीही उचलंल, एवढं तिला कळत होतं.

मी लिफ्टर होते. ज्यांनी व्हॉलीबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. पलीकडून आलेला बॉल एक जण घेते, दुसरा हात लिफ्टरचा असतो. ती तो जाळीच्या कडेनं असा वर सोडते की उडी मारणाऱ्या पोरीला तो हवेत थांबल्यासारखा मिळावा. टाळ्या बॉल मारणारीला मिळतात. लिफ्टरचं नाव फक्त बॉल वाया गेला की निघतं. मला ते आवडायचं. आठवीपासून मी ती जागा कुणाला दिली नव्हती.

दहावीच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर अर्चना गावात आली. तिचे वडील तात्या म्हणजे गावातले सगळ्यांत मोठे बागायतदार आणि शाळेच्या कमिटीवरचे. अर्चना जालन्याला होस्टेलमध्ये राहून शिकत होती, तिथल्या टीममध्ये खेळत होती. ती परत का आली ते आम्हाला कळलं नाही. पांढरे बूट घालून ती पटांगणात उभी राहिली तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणी अनवाणी होत्या. देवकर सरांनी, आमच्या पीटीच्या सरांनी, तिच्याकडून दहा-पंधरा बॉल उचलून घेतले. खरं सांगायचं तर तिचा हात सुंदर होता. बोटं लांब, बॉल सुटताना जराही आवाज नाही. मी मनातल्या मनात प्रत्येक बॉल कुठं पडतो ते मोजलं.

सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं असतं तर कदाचित पुढचं काही झालं नसतं. जिल्ह्याच्या सामन्यांना तीन आठवडे होते, आणि तात्या त्या दिवशी खुर्ची टाकून पटांगणात बसले होते. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "मंगल, तुझ्या हातात जोर हाय, पण नजाकत न्हाई. काठी धरायच्या हातांना बॉल कसा कळंल?" तात्या हसले. मंग सर हसले, मंग पोरी हसल्या. अर्चना सगळ्यांत शेवटी हसली, दुसऱ्या हसल्या म्हणून. मी खाली बघत उभी होते. माझे कान इतके तापले होते की हात लावला तर भाजंल असं वाटत होतं.

तो जिल्ह्याचा सामना म्हणजे माझ्यासाठी काय होतं, ते सरांना पक्कं ठाऊक होतं. त्यात चांगलं खेळलं की पुढं विभागाला नाव जाणार, सर्टिफिकेट मिळणार, आणि त्या कागदावर मला पुढच्या शिक्षणाला जागा मिळणार, हे त्यांनीच दोन वर्षांपूर्वी आबांना आमच्या ओट्यावर बसून सांगितलं होतं. त्या भरवशावर आबांनी माझं लग्न थांबवलं होतं. आत्यानं सरांना तेव्हा येसराची तिखट आमटी आणि गरम भाकरी वाढली होती आणि सरांनी दोनदा मागून खाल्ली होती. पुढं कित्येक दिवस भाकरी थापताना मला ते आठवायचं आणि मी पिठावर गरजेपेक्षा जोरात हात मारायची.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला एक वही दिली. अर्चनाचा प्रत्येक बॉल लिहायचा. जागेवर पडला तर बरोबरची खूण, हातभर इकडंतिकडं झाला तर आडवी रेघ, वाया गेला तर फुली. लिफ्टचं तुलाच कळतं म्हणून तुला देतो, असं ते म्हणाले. त्यात मला मान दिल्यासारखं त्यांना वाटत असावं. मी वही घेतली, कारण वही हातात असेपर्यंत मला पटांगणाबाहेर कुणी काढणार नव्हतं. आणि कारण मला तिला पडताना जवळून बघायचं होतं.

माझं पुढचं सगळं आयुष्य पोरींचे हात बघण्यात गेलं. मी पंचवीस वर्षं खेळाची शिक्षिका होते, आता निवृत्त आहे, तरी निवडीच्या वेळी बोलावणं येतं. हल्लीच्या पोरी मोबाईलवर शूटिंग करतात, हळू करून पुन्हा पुन्हा बघतात. सोय चांगली आहे. पण एखाद्या पोरीला मी सगळ्यांत नीट पाहिलं ते त्या तीन आठवड्यांत, आणि ते प्रेमानं पाहिलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात वहीत बरोबरच्या खुणाच जास्त होत्या. समोर कुणी नसलं, बॉल सरळ हातात आला, की अर्चना दहातले आठ-नऊ जागेवर टाकायची. सर रोज संध्याकाळी वही उघडायचे, खुणा मोजायचे आणि तात्यांना आकडा सांगायचे. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणांच्या बाजूला मी माझ्या मनानं आणखी रकाने आखले होते. बॉल कुठून आला, कुठं दिला, समोरून कुणी धावत आलं होतं का. ते रकाने सरांनी कधी वाचले नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात आमच्याच पोरींची दोन टीम करून खेळ सुरू झाला आणि मला दिसायला लागलं. पहिला बॉल वाकडा आला, तिला पळावं लागलं किंवा जाळीपलीकडून कुणी ओरडत उडी मारली की ती दुसरीच पोरगी व्हायची. गुडघे ताठ व्हायचे. कपाळावर घ्यायचा बॉल हनुवटीपाशी घ्यायची. बॉल हातात यायच्या ऐन क्षणी डोळे मिटायची. त्याच्या आधी डावी टाच जमिनीवरून सुटायची. आणि मंग बॉल दर वेळी एकाच जागी जायचा, चार नंबरला, म्हणजे जाळीच्या डाव्या टोकाला, लांब आणि उंच. डोक्यावरून मागं दोन नंबरला, म्हणजे उजव्या टोकाला, ती भीतीत एकदाही देऊ शकली नाही. वहीची पानंच्या पानं माझ्या बारीक अक्षरात भरली: पळत, टाच, चार, फुली. पळत, टाच, चार, रेघ. मी ते लिहायची आणि मला गोड वाटायचं. दुसरा शब्द सापडत नाही.

सामन्याला चार दिवस राहिले असताना, दिवस मावळायच्या आधी, अर्चना आमच्या घरी आली. घोंगडीसाठी सूत पाहिजे म्हणून आईनं पाठवलं, असं आत्याला म्हणाली. आत्यानं तिला सूत दाखवलं नाही, बसायला पोतं टाकलं आणि ताटात येसर न भाकरी वाढून पुढं ठेवली. तात्यांच्या घरचं माणूस आमच्याकडं जेवल्याचं मला आठवत नाही. अर्चना जेवली. तिखट लागलं तरी थांबली नाही. मंग हात धुऊन माझ्याकडं बघून म्हणाली, "तू लिहून राह्यलीस ना सगळं. मंग सांग, मी काय चुकते?"

मी म्हणाले, सरांना विचार. ती म्हणाली, सर फक्त आकडा सांगतात. मंग तिनं न विचारता सांगितलं. होस्टेलच्या टीममध्ये एक दांडगी पोरगी जाळीखालून तिच्यावर आदळली होती, समोरचे दोन दात गेले. तिनं ओठ वर करून बसवलेले दात दाखवले. तेव्हापासून समोरून कुणी आलं की डोळे आपोआप मिटतात. तिला खेळायचंच नव्हतं. होस्टेल त्याचसाठी सोडलं होतं. पण तात्या म्हणाले, इथं तर आपलंच पटांगण हाय, इथं कोण आदळंल तुला.

"तू तर मागं डोक्यावरून पण देतीस," ती म्हणाली. "भ्याल्यावर बॉल कुठं द्यायचा, तेवढंच सांग. एकच सांग."

मला उत्तर येत होतं. गुडघे सैल सोड, बॉलाखाली जाऊन थांब, आणि भीती वाटली की मधल्या पोरीला अगदी जवळून, ठेंगणा दे. दोन दिवस मी तिच्याकडं आत्यासारखे वाकडे बॉल फेकले असते तर तिला ते जमलं असतं. हात तिचे माझ्याहून चांगले होते. मी म्हणाले, "भ्यालीस की चार नंबरला दे. दुसरीकडं बघूच नको. बिलकुल चुकणार न्हाई."

तिनं मान हलवली. जाताना दारात थांबून आत्याच्या पाया पडली. ती गेल्यावर आत्यानं बराच वेळ चाती हातात घेतली नाही. मंग म्हणाली, "मला त्यातलं कळत न्हाई. पण तू सांगताना त्या लेकराकडं पाह्यलं न्हाईस."

मी म्हणाले, "ती हसली होती, आत्या."

अर्चनाचं ताट आत्यानं स्वतः उचलून घासलं, मला घासू दिलं नाही.

सामना जुन्या जालन्यातल्या एका मैदानावर होता. पहाटे जीप ठरवून आम्ही निघालो, दहा पोरी, सर आणि समोर ड्रायव्हरशेजारी तात्या. भुसार मालाच्या दुकानांच्या गल्लीतून जीप पुढं सरकेना, हमालांनी पोती मधोमध उतरवली होती. सर खाली उतरून हमालांना ओरडत होते. मी मागं वही मांडीवर घेऊन बसले होते. माझ्या अंगावर टीमचा ड्रेस होता, पण मी राखीव होते.

पहिला सामना सोपा गेला, समोरच्या पोरी कच्च्या होत्या. दुसरा जालन्याच्याच एका टीमशी. त्यांच्यात काही उंच पोरी होत्या. सामन्याआधी मी तोंड धुवायला नळावर गेले तर त्यांची कॅप्टन तिथं बाटली भरत होती, दोन वेण्या वर बांधलेली. मी तिला नाव विचारलं नाही. मी नळाकडं बघतच बोलले, "आमची लिफ्टर भ्याली की चारलाच देते. डावी टाच सुटली की समजा." तिनं माझ्या ड्रेसकडं पाहिलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि बाटली भरायच्या आधीच नळ बंद करून गेली.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरींना नाही. लिहिताना हात थांबेल असं वाटलं होतं, थांबला नाही.

पहिले चार-पाच बॉल नीट गेले. मंग त्यांच्या एका पोरीनं जाळीपाशी येऊन नुसती आरोळी दिली. अर्चनाची टाच सुटली. बॉल चारला गेला तेव्हा तिथं आधीच दोन उंच पोरी हात वर करून उभ्या होत्या. आमच्या पोरीनं मारला तो तिच्याच पायाशी परत आला. पुन्हा आरोळी, पुन्हा टाच, पुन्हा चार. दर वेळी ते हात तिथं आधीच होते. अर्चना वळून माझ्याकडं बघायची. तिला वाटत होतं तिचाच बॉल कमी पडून राह्यला, म्हणून ती आणखी उंच, आणखी लांब द्यायची, चारलाच. मी वहीत खुणा करत होते. पेन्सिल इतकी दाबली जात होती की खालच्या पानावर फुल्या उमटत होत्या. पहिला सेट आम्ही असा हरलो की बघणारे लोक शेवटी आमच्याकडं न बघता एकमेकांशी बोलायला लागले.

तात्या खुर्चीवरून उठून आले. सरांना म्हणाले, तुम्ही तर दहातले नऊ बरोबर सांगत होता. सरांनी माझ्याकडं हात केला, हिनंच लिहिलं, हिचीच वही. त्यांना वाटलं मी खोटं लिहिलं असणार, आणि तसं निघालं की सुटका होईल. मी वही तात्यांच्याच हातात दिली. पोरी भोवती जमल्या होत्या, समोरची टीमही ऐकत होती. या क्षणाची मी तीन आठवडे वाट बघत होते, आणि नेमका असाच येईल असं वाटलं नव्हतं.

"सर, सगळं लिहिलेलं हाय," मी म्हणाले. "टाच हाय, चार नंबर हाय, तारखेनिशी हाय. तुम्ही वाचलं न्हाई."

तात्या शिकलेले होते. ते उभ्यानंच पानं उलटत गेले. पळत, टाच, चार, फुली. त्यांनी एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. मंग वही मिटून सरांच्या छातीला लावली आणि बारीक आवाजात म्हणाले, "या पोरीला जे दिसलं ते तुम्हाला दिसलं न्हाई. मंग तुम्ही काहून हाय इथं?" सरांची मान खाली गेली. शर्टाच्या कॉलरपाशी घाम आला होता तो मी पाहिला. त्यांना ते सगळ्यांसमोर ऐकावं लागलं, जसं मला ऐकावं लागलं होतं, आणि त्याहून बरं म्हणजे ज्यांना खूश करायला सर हसले होते त्यांच्याच तोंडून ऐकावं लागलं. पुढं कित्येक वर्षांनी सरांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला मला बोलावलं होतं. भाषणात त्यांनी मला आपली सगळ्यांत लाडकी विद्यार्थिनी म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात मांडीवरच ठेवले. आता सर हयात नाहीत, तरी माझे हात तिथंच आहेत.

सरांनी मला आत जायची खूण केली. अर्चना बाहेर येताना माझ्याजवळ थांबली. तिचे ओठ पांढरे झाले होते. "तू सांगितलं तसंच दिलं मी," ती म्हणाली, "मलाच जमलं न्हाई." आणि जाऊन बाकावर बसली. बूट काढून बाजूला ठेवले आणि पाय वर घेतले.

त्या दिवशीसारखं मी पुन्हा कधी खेळले नाही. त्यांच्या दोन पोरी चारला उभ्या राहायची सवय लावून बसल्या होत्या आणि मी डोक्यावरून मागं दोनला देत होते. तिथं कुणीच नव्हतं. बॉल पायाशी येवो की कानामागं जावो, मला घाई होत नव्हती. अंगातला सगळा राग कुठंतरी खाली बसला होता आणि बोटं थंड होती. दुसरा सेट घेतला. तिसराही घेतला, जरा झुंजून. शेवटी जाळीपाशी हात मिळवायला गेलो तेव्हा त्यांच्या कॅप्टननं ओळीतल्या सगळ्यांना हात दिला. माझ्यापाशी आल्यावर हात मागं घेतला. "तुझ्याच टीमची पोरगी होती ना ती," एवढंच म्हणाली आणि पुढं गेली. आमच्या पोरींनी विचारलं, काय म्हणून राह्यली. मी म्हणाले, हरली म्हणून चिडली.

विभागाला माझं नाव गेलं. सर्टिफिकेट आलं, त्यावर पुढची सगळी दारं उघडली, नोकरी, माझं घर, आज ज्या खुर्चीत बसून हे लिहिते ती खुर्ची. मला त्याची लाज वाटत नाही. सरांशी मी जे केलं ते मी आजही करीन, आणखी नीट करीन. अर्चनाचं मात्र मी अजून ठरवू शकले नाही. ती हसली होती, हे खरं. ती शेवटी हसली होती, हेही खरं. ती पुन्हा कधी खेळली नाही. तिच्या मनाप्रमाणे झालं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. तिचं लग्न घनसावंगीकडं झालं, ऊसवाल्या घरात, आणि एकदा बसस्टँडवर भेटली तेव्हा तिनं शेजारच्या बाईला मोठ्या अभिमानानं सांगितलं, आम्ही दोघी एका टीममध्ये होतो.

परतीच्या जीपमध्ये पोरी गाणी म्हणत होत्या. सर समोर बसले होते आणि तात्या मागून दुसऱ्या गाडीनं येणार होते. अर्चना माझ्या शेजारी येऊन बसली, मी सरकून जागा दिली नव्हती तरी. जीप जालन्याबाहेर पडून वेगात आली तेव्हा तिनं पिशवीतून डबा काढला. सकाळपासून तिनं तो उघडलाच नव्हता. आत धपाटे होते, लसणाची चटणी लावून गुंडाळलेले, आणि दह्याची एक छोटी बाटली. पोरींनी चारी बाजूंनी हात पुढं केले. तिनं सगळ्यांचे हात बाजूला सारले आणि पहिला धपाटा मला दिला.

"हिनं मला शिकवलं," ती पोरींना म्हणाली. "मला घरी बसवून शिकवलं."

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मला सकाळपासून भूक लागली होती. मी तो धपाटा खाल्ला. चटणी बोटांना लागली होती, तीही चाटली. तिनं दुसरा पुढं केला, तोही खाल्ला.